भंडारदऱ्याचं खोरं बघायचं असेल तर पाण्याच्या मागे जा

भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये ठरलेले फोटो असतात. एक धरणाचा, एक अमृतेश्वराच्या देवळासमोरचा, एक सांदणच्या तोंडाशी आणि उलट्या धबधब्याचा एक हलता व्हिडिओ. मी पण पहिल्या चार-पाच खेपांना हेच केलं, शनिवारी पहाटे निघायचं, तलावाभोवतीचा रिंगरोड मारायचा, चार ठिकाणी गाडी थांबवायची आणि रविवारी रात्री घोटीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घरी. मग एकदा रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत एका आजोबांनी सहज विचारलं, "नदी कुठं सुरू होती ते पाह्यलं का?" आणि मला उत्तरच देता येईना, कारण ज्या तलावाला मी इतक्या वेळा चक्कर मारली त्यात पाणी येतं कुठून आणि जातं कुठे हे मी कधी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मी हे खोरं पाण्याच्या वाटेने बघतो आणि कोणी विचारलं तर त्यालाही तसंच सांगतो. खाली सगळं क्रमाने लिहिलंय, निदान दोन मुक्काम लागतील, तीन मिळाले तर उत्तम.

घरी बसून करायचं काम

निघायच्या आधी नकाशा उघडा, सॅटेलाइटवाला. बरोबर मधे निळा तलाव दिसेल, ते भंडारदरा धरणाचं पाणी. त्याच्या उत्तरेला कळसूबाईची रांग, म्हणजे अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई. दक्षिणेला रतनगड आणि कात्राबाई. पश्चिमेला घाटघर, तिथे जमीन एकदम संपते आणि खाली कोकण. पूर्वेला शेंडी गाव, तिथे धरणाची भिंत आणि तिथूनच प्रवरा नदी बाहेर पडते. म्हणजे सगळं खोरं धान्य पाखडायच्या सुपासारखं आहे, मागे-बाजूला उभ्या कडा आणि पूर्वेकडे मोकळं तोंड. फक्त या सुपाची पश्चिमेकडची कड घाटघरला जरा चेपलेली आहे, आणि पावसाळ्यात कोकणातले ढग तिथूनच आत घुसतात.

हे एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळत जातं. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोक त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात (जिल्हा आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. ढग कड्यावर चढताना जवळपास सगळं ओतून मोकळे होतात, पुढे नेतात काय? धरण इथे का बांधलं त्याचं उत्तर यातच आहे.

गावांची नावं पण लिहून ठेवा कारण खोऱ्यात मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते. शेंडीवरून निघालं की मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून घ्या आणि पेट्रोल घोटीला नाहीतर अकोले गावातच भरा, तलावाच्या कडेने फिरताना पंप शोधत बसायला नको.

कधी जायचं

याचं एकच उत्तर नाहीये, काय बघायचंय त्यावर आहे. सांदण दरी उतरायची तर डिसेंबर ते मे. काजवे बघायचे तर मेचा शेवट ते जूनचे पहिले दोन आठवडे, मोठा पाऊस लागला की काजवे संपले. फुलं आणि भातखाचरं बघायची तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात भारी काळ, खुरासणीची शेतं पिवळी झालेली असतात, कड्यांवर सोनकी, ओल्या कातळावर सीतेची आसवं म्हणून बारीक जांभळी फुलं येतात (ही वनस्पती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून खाते, दिसायला इतकी नाजूक आणि धंदा हा), आणि धबधब्यांना पाणी पण असतं. भर जुलैमध्ये सगळे जातात पण धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, गाडी चालवायचा वैताग येतो आणि घसरगुंडी सगळीकडे. जायचं असेल तर जा, पण तेव्हा गड आणि दरी दोन्ही विसरा, गावात थांबून पाऊस बघा.

कारवी फुलली असेल तर मात्र बाकी सगळे बेत बाजूला ठेवा. सात वर्षांनी एकदा फुलते, सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी येईल असं काही नाही, त्यामुळे जायच्या आधी गावात फोन करून विचारायचं. आणि कारवी नुसती फुलापुरती नाही बरं का, तिच्या काटक्या उभ्या करून त्यावर माती-शेणाचा लेप देऊन घराच्या भिंती करतात, त्याला कुड म्हणतात. अजूनही जुन्या घरांना दिसतो, दिसला तर मालकाला विचारून जवळून बघा, बाहेर रणरणतं ऊन असताना आत कसा गारवा असतो ते कळेल.

पहिला दिवस: रतनगडावर, पाणी सुरू होतं तिथे

आदल्या रात्री रतनवाडीत पोचा आणि गावातच एखाद्या घरी राहा. घरगुती राहायची-जेवायची सोय आता बऱ्याच घरांत आहे, फक्त आधी फोन करून माणसं किती ते सांगा, ऐनवेळी दहा जण दारात उभे राहिले तर त्या बाईंनी भाकऱ्या थापायच्या तरी किती.

सकाळी उजाडायच्या सुमाराला निघायचं. वाटाड्या घ्याच. वाट सापडत नाही म्हणून घ्यायचा असं नाही, वाट आता बऱ्यापैकी मळलेली आहे, पण वाटाड्याशिवाय तुम्हाला झाडं ही फक्त झाडं दिसतात. हिरडा कुठला, बेहडा कुठला, कोवळा बाळहिरडा उतरवून सुकवून विकायचा त्याचा हंगाम कधी, हे गावचा माणूस चालता चालता सांगतो आणि हिरड्यावर इथल्या घरांची रोकड चालते हे तेव्हा कळतं. सुरुवातीची वाट ओढ्याकाठाने आहे, दोन-चारदा ओढा ओलांडावा लागतो. हा जो ओढा आहे ना, हीच प्रवरा. उन्हाळ्यात उडी मारून पार करता येते अशी.

जंगलात मान वर करून चाला. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण ३६१ चौरस किलोमीटरचं. शेकरू इथे आहे, आपला राज्यप्राणी, पण तो दिसण्याआधी त्याचं घरटं दिसतं, उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्यापानांचा मोठा गोळा. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. एकदा माझ्या वाटाड्याने हात धरून थांबवलं, मला काहीच दिसेना, मग वरून कुरतडलेल्या फळाचा चोथा खांद्यावर पडला तेव्हा कळलं साहेब नेमके डोक्यावर नाश्ता करतायत.

तीन-चार तासांत लोखंडी शिड्या येतात. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. वर गेल्यावर गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, राणीचा हुडा नावाचा पडका बुरूज, पाण्याची टाकी. सगळ्यात वर नेढं. नेढं म्हणजे सुईच्या डोळ्यासारखं कड्याला आरपार भोक, सह्याद्रीत अशी बरीच आहेत. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतले गेलेले थर, त्यातला काही कठीण काही ठिसूळ, मग वारा-पाऊस ठिसूळ थर कोरत कोरत आरपार जातात. नेढ्यात बसलात की टोपी सांभाळा, वारा ढकलतो. आणि आता पूर्वेकडे बघा. घरी नकाशात बघितलेलं सूप इथून अख्खं दिसतं, खाली अमृतेश्वराचं देऊळ, मग तलाव, टोकाला धरणाची बारीक रेघ. गड १२९७ मीटर उंच आहे पण आकड्यापेक्षा हे दृश्य लक्षात राहतं. अर्धा तास तरी बसा, फोटो काढून लगेच उठू नका.

उतरायला आल्या वाटेनेच या. त्र्यंबक दरवाजाकडून साम्रदला उतरणारी वाट सुंदर आहे पण अवघड आहे, वाटाड्या हो म्हणाला तरच. गडावर मुक्काम करायचा विचार असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधीच विचारून घ्या, अभयारण्याचे नियम बदलत असतात आणि पावती फाडणं भाग आहेच.

अमृतेश्वराचं देऊळ वाचायचं कसं

देऊळ रतनवाडीतच आहे. गडावरून उतरलात की संध्याकाळचं तिरकं ऊन देवळावर येतं, तेव्हा जा. दुपारी बाराला कोरीव काम सपाट दिसतं, तिरक्या उन्हात एकेक रेघ उठून येते.

बाहेरून सुरुवात करा, आधी एक प्रदक्षिणा शिखराकडे बघत. शिखराच्या चारी बाजूंना मधोमध वरपर्यंत गेलेला एकेक नक्षीदार पट्टा आहे आणि दोन पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत गेल्यात, वर जाऊ तशी लहान होत. या पद्धतीला भूमिज म्हणतात. लोक सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, पण हेमाडपंत तेराव्या शतकातले, यादवांचे मंत्री, आणि तशी म्हटली जाणारी कितीतरी देवळं त्यांच्या आधीची आहेत. हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधलं अशी परंपरा आहे, बारा नद्यांच्या उगमांशी त्याने बारा शिवालयं उभी केली अशी ती गोष्ट. गोष्टीतलं इतिहास किती आणि कथा किती ते बाजूला ठेवा, पण देऊळ आणि नदीचा उगम यांचं नातं लोकांनी धरून ठेवलंय हे महत्त्वाचं.

आत गेल्यावर आधी छत बघा, मग खांब. खांबाच्या वरच्या टोकाशी तुळई पेलून धरणारी बुटकी ढेरपोटी माणसं असतात, ते भारवाहक यक्ष. त्यांचे चेहरे एकेक करून बघा, सगळे सारखे वाटतात पण नाहीत. मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. गाभारा खाली आहे आणि भर पावसात तिथे पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते. समुद्रमंथनातल्या अमृतापासून प्रवरा निघाली असं मानतात, अमृतेश्वर नाव त्यावरूनच, आणि पाण्यात बुडालेली पिंड बघितली की ती गोष्ट इथेच का रुजली ते समजतं. बाहेर जवळच पुष्करणी, म्हणजे दगडी कुंड आहे, भिंतींच्या कोनाड्यांत देवांच्या मूर्ती. बहुतेक लोक ती न बघताच गाडीत बसतात.

इथल्या देवळांच्या आवारात आणि गावांच्या वेशीवर वीरगळ पण शोधा. शेंदूर फासलेला उभा दगड, त्यावर कप्पे. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा मरून पडलेला वीर, मधे त्याला अप्सरा वर घेऊन चालल्यात, त्यावर तो शिवपिंडीची पूजा करतोय, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. खालच्या कप्प्यात गाई दिसल्या तर गुरं सोडवताना मेलेला माणूस. नुसता बांगड्या भरलेला कोपरापासून वर उचललेला हात दिसला तर तो सतीचा दगड. एकदा वाचता आला की पुढे प्रत्येक गावात पाय थबकतात, बरोबरचे वैतागतात, इलाज नाही.

गावात: काय विचारायचं, काय नाही

या भागाला डांगाण म्हणतात. राहणारे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच समाजातले, याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, त्यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. खोऱ्यात नाव काढा, ऐकणाऱ्याची बसायची ढब बदलते.

मे महिन्यात आलात तर खाचरांत काळे जळके पट्टे दिसतील. कोणीतरी आग लावली म्हणून व्हिडिओ टाकू नका, तो राब आहे. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजतात, तण मरतं आणि राखेचं खत होतं, मग तिथे भाताचं रोप टाकतात आणि पावसात ते उपटून चिखलात लावतात, ती आवणी. वरच्या उतारांवर नागली (म्हणजे नाचणी) आणि वरई. गोठ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय दिसली तर ती डांगी. अंगावर हात फिरवला की तेलकट लागतं, तिची कातडीच तशी, म्हणून एवढ्या पावसात टिकते. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, जमलं तर तो मुहूर्त साधा.

जेवणात नागलीची भाकरी मागा. पनीर मागू नका. पावसाळ्यात रानभाज्या मिळतात, नावं विचारून घ्या. भाताचं वाण कुठलं हे विचारलंत तर घरातली बाई खूश होते आणि काळभात घरात असेल तर दाखवते सुद्धा. जुनं बियाणं जपण्यासाठी ज्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला त्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. वाघ, चंद्र-सूर्य कोरलेला वाघोबाचा दगड असतो, त्याला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतात, गुरं राखणाऱ्या पोरांचा हा खास सण. बोलावलं तर जा आणि चपला लांब काढा. कॅमेरा विचारल्याशिवाय काढू नका, आणि "आमच्यासाठी नाचून दाखवा" असं तर कधीच म्हणू नका, हे मी एका ग्रुपला खरंच म्हणताना ऐकलंय आणि मान खाली घालून तिथून निघून गेलोय.

दुसरा दिवस: सांदण आणि घाटघर

साम्रदला लवकर पोचा. सांदणबद्दल "आशियातली दोन नंबरची दरी" असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं, मोजली कोणी देव जाणे. पण आहे जबरदस्त. काळ्या कातळाला पडलेली भेग, दोनशे फुटांच्या वर खोल, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. तळाशी ऊन जेमतेम पोचतं. आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं, हंगाम जसा तसं गुडघ्यापासून छातीपर्यंत, म्हणून फोन-पाकीट प्लॅस्टिकमध्ये आणि बूट ग्रिपवाले. खाली मोठमोठे धोंडे, हलणारे, हाताने चाचपूनच पाय टाकायचा. थोडं आत जाऊन परत यायचं असेल तर कोणालाही जमेल. पुढे कोकणात उतरायचं तर दोर लावून रॅपलिंग आहे, ते अनुभवी लोकांबरोबरच. जून ते ऑक्टोबर आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, वर पाऊस पडला की हीच भेग पाण्याचा नळ होते आणि पळायला जागाच नसते.

दुपारी घाटघर. कोकणकड्यावर संध्याकाळी उभं राहायचं, सूर्य समोर कोकणात उतरतो. पावसाळ्यात खालून येणारा वारा एवढा की कड्यावरून पडणारं पाणी परत वर उडतं. इथे एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीतच नसते. जवळच २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे, वरच्या धरणातलं पाणी बोगद्यातून खाली कोकणच्या अंगाला सोडून वीज करतात आणि जेव्हा विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. म्हणजे वाऱ्याने उलटं जाणारं पाणी बघायला सगळे येतात आणि मशीनने उलटं जाणाऱ्या पाण्याकडे कोणी बघत नाही.

काजव्यांबद्दल थोडं कडक

एका जूनमध्ये मी गेलो आणि रस्त्यावर मैलभर गाड्या, सगळ्यांचे हेडलाइट चालू, गाणी चालू, त्यात माझीपण एक गाडी. झाडं काळीच राहिली. काजव्यांचा नर झाडावर लुकलुकतो आणि मादी बऱ्याचदा खाली गवतात-झुडपात बसून उत्तर देते, उजेड पडला की हा संवादच तुटतो, आणि आपण गवतात घुसलो की माद्या पायाखाली. एवढे दिवसच त्यांना असतात. म्हणून शनिवार-रविवार जाऊच नका. मुक्काम करा, गाडी गावात उभी करा, गावच्या माणसाबरोबर चालत जा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि रस्ता सोडू नका. पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग एखादं सादड्याचं नाहीतर हिरड्याचं झाड अख्खं एकाच ठेक्यात पेटतं आणि विझतं. मोबाईलमध्ये ते येत नाही, खिशातच राहू दे.

तिसरा दिवस: पाणी बाहेर पडतं तिथे

कळसूबाई करायची असेल तर पहाटे बारी गावातून, १६४६ मीटर, शिड्या आहेत, वर देवीचं छोटं देऊळ, सुट्टीच्या दिवशी शिड्यांना रांग लागते. एवढं पुरे, त्यावर सगळीकडे लिहिलेलं आहेच.

मी त्याऐवजी शेंडीला धरणावर जातो. विल्सन डॅम, १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, दगडी बांधकाम, सुमारे ८२ मीटर उंच, साठा अकरा टीएमसी (म्हणजे अकरा अब्ज घनफूट). आता सूप आठवा, हे त्याचं तोंड आणि त्याला लावलेलं हे झाकण. पाणी सोडलेलं असेल तर खाली गोल कातळावरून छत्रीसारखं पसरतं, तो अंब्रेला फॉल. तिथून दहा-अकरा किलोमीटरवर रंधा, प्रवरेची उडी, दीडशे फुटांच्या वर. काठाला घोरपडादेवीचं देऊळ. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका, कातळ शेवाळलेला असतो.

आणि रंध्यावरून मुंबईवाल्यांनी पण एकदा तरी घोटीकडे न वळता खाली अकोले, संगमनेरकडे जावं, पुणेकरांना ते वाटेवरच आहे. तास-दीड तासात डोंगर मागे पडतात, पाऊस कमी होत जातो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. वाटेत कालवा दिसला की गाडी बाजूला घ्या आणि त्याच्या काठावर पाच मिनिटं उभे राहा. हे सगळं रतनवाडीचं पाणी. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर इथे कालवा भरून वाहत असतो आणि दोन दिवसांपूर्वी ज्या घरात जेवलात तिथली बाई हंडा घेऊन विहिरीला गेलेली असते, त्यांचा फोन नंबर घेतलाच असेल तर पोचल्याचं कळवा, त्या वाट बघतात.